पांढऱ्याची चौदावी चाल

२३ जानेवारी १९९४, रविवार

शेवटचे पाहुणे दुपारी गेले. सतरंज्या मंडळाला परत केल्या. आता घरात मी आणि उमा.

कुंदाला जाऊन दोन आठवडे झाले. सकाळी ओट्यापाशी उभी होती, "डोकं कसंतरीच होतंय" म्हणाली, आणि खाली बसली. एवढंच. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

मला रडू आलेलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं, धक्का असेल. मग वाटलं, लोक आहेत म्हणून. आता लोकही नाहीत. तरी नाही. फॅक्टरीत सगळी नोकरी इन्स्पेक्शनला काढली — माल हातात घ्यायचा, गेज लावायचा, पास की रिजेक्ट. तसाच स्वतःकडे बघतोय. गेज कुठे अडकतच नाही.

उमा म्हणाली, "चहा ठेवू?" म्हटलं, "ठेव." दिवसभराचं बोलणं संपलं.

२४ जानेवारी

काही नाही.

२५ जानेवारी

उमाची बदली नागपूरला झाली आहे. बँकेनं महिनाभर मुदत वाढवून दिली, आई गेली म्हणून. एक मार्चला हजर व्हायचं. तोपर्यंत इथेच. सकाळी कपाटातल्या साड्या काढते, घडी मोडते, पुन्हा घडी घालते, पुन्हा ठेवते. मी पेपर वाचतो. तोच पेपर दुपारी पुन्हा वाचतो.

आमचं भांडण नाही. भांडण असतं तर बरं, निदान आवाज तरी झाला असता! नाशिकपासून हे असंच आहे. ती एकोणीस वर्षांची होती तेव्हा. आता सव्वीस.

२७ जानेवारी

उल्हासनगरला गेलो. कुंदाचा फोटो मोठा करून घ्यायचा होता. घरात तिचा एकटीचा फोटो नाही! अख्खं घर धुंडाळलं. शेवटी एक सापडला — उमाला जिल्ह्याचा कप मिळाला तेव्हाचा. मधे उमा कप घेऊन, बाजूला मी छाती काढून, जणू मीच जिंकलो. आणि पार कडेला कुंदा, अर्धी फोटोबाहेर.

स्टुडिओवाला सिंधी, बोलका माणूस. भिंग लावून बघितलं. म्हणाला, "साईं, इसमें मॅडम का पूरा खांदा नहीं आया. मैं बना देगा, टेन्शन नको." मग विचारलं, "दूसरा हसताना नाही काय?" म्हटलं, नाही. "और ये दोनो को काट दूं?" म्हटलं, काटो.

त्यानं पेन्सिलनं माझ्यावर आणि उमावर फुली मारली. मी पावती घेतली. मग बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. चांगला होता.

३० जानेवारी, रविवार

बुद्धिबळाच्या पटावर धूळ बसली आहे.

पट खिडकीपाशीच्या टेबलावर कायमचा मांडलेला असतो. पुस्तकातला एखादा डाव लावून ठेवतो आणि जाता-येता विचार करतो. कुंदा तो रोज पुसायची. पुसताना हमखास एखादं प्यादं हलवून ठेवायची आणि मी ओरडायचो — "अगं, डाव बिघडतो! पुसू नकोस म्हणून किती वेळा सांगू?" पालथ्या घड्यावर पाणी. चार-पाच वर्षं चालू होतं हे. उमा नोकरीला गेल्यापासूनच बहुतेक. संध्याकाळी आलो की आधी प्यादं जागेवर ठेवायचं, मग चपला काढायच्या.

आता सगळी प्यादी जागच्या जागी आहेत. धुळीसकट.

१ फेब्रुवारी

मृत्यूचा दाखला मिळवायचा म्हणून जुनी फाईल काढली, तर त्यात नाशिकची स्कोअरशीट. मी फाडली नव्हती तर! मला वाटत होतं फाडली.

राज्य स्पर्धा, मुली, सत्त्याऐंशी साल, शेवटची फेरी. पांढरी: उमा. काळी: सांगलीची एक मुलगी. जिंकली असती तर राष्ट्रीयला निवड होती. बरोबरीसुद्धा चालली असती. हरली.

नुसती हरली असती तर काही नव्हतं. लोक हरतात. मी आयुष्यभर हरलोय. पण ही चौदाव्या चालीपर्यंत जिंकत होती, आणि चौदाव्या चालीला तिनं राजा उचलून एक घर पुढं, मधल्या पट्टीत उघड्यावर नेऊन ठेवला. कारण नाही, शह नाही, धमकी नाही. सात वर्षांची असल्यापासून मी शिकवलेली मुलगी! नवशिक्यासुद्धा तसं करणार नाही.

आदल्या रात्री नाशिकलाच म्हणाली होती, "बाबा, मला आता नाही खेळायचं." मी म्हटलं, "हा डाव खेळ, मग बघू." तिनं बघून घेतलं. मुद्दाम घालवला. माझ्या तोंडावर मारला. त्यानंतर तिनं सोंगटीला हात लावला नाही आणि मीही तिला विचारलं नाही. विचारायचं काय? कागदावर लिहिलेलंच होतं.

स्कोअरशीट फाईलमध्ये परत ठेवली. मग पुन्हा काढली.

२ फेब्रुवारी

डाव पटावर लावला. धूळ पुसून.

पहिल्या दहा चाली माझ्या आहेत. हात तिचा, चाली माझ्या. हे ओपनिंग मी तिच्याकडून दोन वर्षं घोटवून घेतलं होतं. वजिरापुढचं प्यादं दोन घरं. मग शेजारचं एक. घोडा बाहेर. उजवीकडचं घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं आणि त्या खिडकीत उंट बसवायचा. मग त्याच्या मागे किल्लेकोट करून राजा घरात घालायचा. मी म्हणायचो, आधी घर बांधा, मग भांडणं करा. ती म्हणायची, "हो बाबा." प्रत्येक गोष्टीला हो बाबा.

आज दहा चालींवर थांबलो. पद्मजावहिनी वरच्या मजल्यावरून आमटी घेऊन आल्या. पट बघून म्हणाल्या, "बरं झालं, मन रमवता आहात." मन कुठे आहे कोणास ठाऊक. पण आमटी खाल्ली.

४ फेब्रुवारी

अकरा, बारा, तेरा. या तीन चाली तिच्या स्वतःच्या. चांगल्या आहेत. मी खेळलो असतो त्यापेक्षा चांगल्या. तिनं खिडकीतला उंट देऊन समोरचा मधला घोडा मारला, काळीचं केंद्रच खिळखिळं केलं. हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हा मी चौदाव्या चालीशिवाय काही बघितलंच नव्हतं.

सांगलीवाली मात्र चिवट. तिचा एक उंट डाव्या काठावर बसलाय आणि तिथून तिरका थेट आमच्या राजाच्या शेजारच्या घरावर डोळा ठेवून आहे. म्हणून पांढरीला किल्लेकोट करता येत नाही. घोडं पेंड खातं ते इथं. उपाय सोपा — वजीर बाहेर काढून त्या उंटावर धरायचा. तो हलला की किल्लेकोट. संपला डाव.

उमाला ते दिसलं नाही? तिला? झोपेतही दिसलं असतं!

६ फेब्रुवारी, रविवार

फॅक्टरीच्या क्लबातला जयदेव अंबरनाथहून आला होता. शोक करायला आला आणि पट बघून खुर्ची ओढून बसला. जुना सवंगडी. चौदावी चाल बघून हसला. "हाच ना तो? तूच सांगितलं होतंस क्लबात — पोरीनं मुद्दाम घालवला म्हणून."

उमा आत होती. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज चालू होता तो थांबला. मग नळ सुटल्याचा आवाज आला.

जयदेव गेल्यावर ती बाहेर आली. पटाकडे बघितलं. डाव कुठला ते तिला एका नजरेत कळलं असणार. म्हणाली, "सिलिंडरचा नंबर लावलाय. शुक्रवारपर्यंत येईल."

म्हटलं, बरं.

७ फेब्रुवारी

तिला विचारायचं आहे. जायच्या आधी. एवढंच ठरवलंय. का घालवलास? नागपूरला गेली की संपलं. मग पत्रं येतील — "इकडे सर्व ठीक, तब्येतीस जपा." बापलेकीचं नातं पोस्टकार्डावर मावेल एवढं उरेल.

रागानं नाही विचारायचं. राग उरलाच नाहीये. फक्त हा डाव अर्धवट कळलेला ठेवून मला पुढची वर्षं काढायची नाहीत. या घरात आता दुसरं काही कळून घेण्यासारखं उरलेलं नाही.

८ फेब्रुवारी

विचारलं नाही.

९ फेब्रुवारी

कुंदाला जाऊन महिना झाला. मासिक श्राद्ध. गुरुजींनी सांगितलं ते केलं. पाणी सोडा म्हणाले, सोडलं.

१३ फेब्रुवारी, रविवार

वांगणीहून भगवंत आला. कुंदाचा धाकटा भाऊ. वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. हा माणूस घरात शिरला की घर भरतं. रडतोही मोठ्यानं, खातोही मोठ्यानं. बहिणीच्या फोटोपुढं (फोटो आला आहे, खांदा चांगला बनवलाय) ढसाढसा रडला, आणि दहा मिनिटांनी विचारलं, "उमे, शेंगांत वोवा टाकलास ना?"

जेवून झाल्यावर पट बघितला. "भावजी, येकटेच काय खेळता? चला, होऊन जाऊ द्या येक डाव!"

मी म्हटलं, तुला येतं?

"म्हंजे काय! आमच्या वाडीत पारावर पट कोरलेला व्हता दगडात."

बसलो. भगवंत काळी घेऊन बसला. नाही — पांढरी त्यालाच दिली, पाहुणा म्हणून. त्यानं प्यादं एक घर सरकवलं. मी म्हटलं, पहिल्यांदा दोन घरं जातं. "दोन? प्यादं हाय का हरण?" पुढंही तेच. एकेक घर, एकेक घर. देशी बुद्धिबळ! मी हे घरात कधी येऊ दिलं नाही. सवय बिघडते. क्लबातही म्हाताऱ्यांना सांगायचो, तो खेळ वेगळा, हा खेळ वेगळा, सरमिसळ नको.

आठ-दहा चालींनंतर भगवंतानं राजा उचलला. सरळ उचलला आणि प्याद्यांवरून घोड्यासारखा उडवून बाजूच्या खिडकीत नेऊन बसवला. वर मिशीवरून हात!

"हे काय?"

"अडीच घरं. अजून शह बसला नाय. तवर राजाला येकदा उडायचा हक हाय."

"असा नियम नाही."

"नाय कसा? तुमच्याच बायकोनं शिकवलाय मला! ताई तर राजा उडवल्याबिगर खेळायचीच नाय. आमच्या आप्पांना प्यादेमात दिलेली तिनं. प्याद्यानं मात, भावजी! आप्पा दोन दिस जेवले नाय."

मी डाव जिंकलो. भगवंत काही खेळाडू नव्हे, बोलघेवडा नुसता. पाचच्या सुमारास गेला. जाताना माझी टॉर्च घेऊन गेला, परत आणतो म्हणाला. आणणार नाही.

१३ फेब्रुवारी, पुन्हा

एकतीस वर्षं या घरात बुद्धिबळ खेळणारी एक बाई होती.

आत्ता आठवतंय. लग्न झाल्यावर लगेचच, अंबरनाथच्या क्वार्टरमध्ये. मी पट मांडून बसलो होतो. ही समोर येऊन बसली. एक प्यादं एक घर सरकवलं. मी म्हटलं, दोन जातं. तिनं परत एकच सरकवलं. मी हसलो. म्हटलं, हे तुमच्याकडचं गावठी, याला बुद्धिबळ म्हणत नाहीत, दे, मी शिकवतो. तेवढ्यात स्टोव्हवर दूध होतं म्हणून ती उठली. परत बसली नाही. मला वाटलं, गोडी नसेल.

यावर काहीतरी वाटायला हवं. वाट बघतोय.

१४ फेब्रुवारी

सकाळी भगवंताच्या सोंगट्या उचलून पुन्हा नाशिकचा डाव लावला. तेराव्या चालीपर्यंत. आणि हात तिथंच राहिला.

खिडकी रिकामी आहे. उजवीकडची, जिथं उंट होता. तो उंट देऊन तिनं घोडा मारला ना! राजा मधे अडकलेला. किल्लेकोट बंद. अजून एकही शह बसलेला नाही. आणि बरोबर अडीच घरांवर रिकामी, उबदार खिडकी.

काल भगवंताचा राजा ज्या घरात जाऊन बसला तेच घर. अगदी तेच.

आमच्या स्पर्धेत नियम असतो — शिवलेली सोंगटी चालवावीच लागते. राजाला हात लावला की राजाच हलवायचा. चुकीच्या घरात ठेवला तर पंच परत ठेवायला लावतात आणि म्हणतात, आता यालाच कुठंतरी कायदेशीर न्या. मी बोटानं एकेक घर तपासलं. शेजारचं घर — त्या काठावरच्या उंटाच्या माऱ्यात. पुढचं घर — तेही माऱ्यात. बाकी आपलीच माणसं. मोकळं एकच. मधलं. उघड्यावरचं.

तिनं नेला नाही. तिला न्यावा लागला.

१५ फेब्रुवारी

पण तिला ते देशी शिकवलं कुणी?

प्रश्न लिहिला आणि स्वतःलाच मूर्ख म्हटलं.

१६ फेब्रुवारी

त्या दिवशी मी हॉलच्या बाहेर होतो. पालकांना आत सोडत नव्हते. फाटकापाशी येरझारा घालत होतो. ती बाहेर आली, स्कोअरशीट माझ्या हातात दिली. मी तिथल्या तिथं वाचली. पंचांना विचारलं नाही, सांगलीच्या मुलीला नाही, तिलाही नाही. कागद बघितला, रिजेक्ट! असा मी इन्स्पेक्टर.

१९ फेब्रुवारी

विचारलं नाही. ती पिशव्या भरते आहे. आईच्या दोन साड्या वेगळ्या काढल्यात. म्हणाली, "नेऊ का?" म्हटलं, "सगळ्या ने." म्हणाली, "दोनच."

२२ फेब्रुवारी

आज.

दुपारी ती वाल सोलत बसली होती. भगवंतानं आणलेले संपतच नाहीत. मी पट उचलून तिच्या पुढ्यात नेऊन ठेवला, नाशिकचा डाव लावलेला. तिनं वर बघितलं नाही. मी पांढरा राजा उचलला आणि घोड्याच्या उडीनं खिडकीत ठेवला.

तिचे हात थांबले.

म्हणाली, "कुणी सांगितलं?"

"भगवंतानं. म्हणजे त्यानं नाही सांगितलं. तसा खेळला."

"मामा!" एवढंच म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली.

मग आपोआप बोलली. वालांकडे बघतच. मी जसं आठवतंय तसं लिहून ठेवतो.

"रविवारी तुम्ही क्लबात गेलात की आम्ही ओट्यावर मांडायचो. आईचा पट होता, कापडी. ती पोळ्या लाटता लाटता खेळायची. लाटण्यानं राजा ढकलायची. पीठ लागायचं सगळ्याला."

"नाशिकच्या आधी मला झोप लागत नव्हती. तुमच्या ओपनिंगनं डोकं फिरलं होतं. मग ती म्हणाली, चल, साधं खेळू. आठवडाभर रोज खेळलो. तिच्याशी खेळलं की बरं वाटायचं."

"विचार वगैरे नव्हता केला बाबा. हात गेला. ठेवलासुद्धा. समोरची मुलगी बघत राहिली, मग तिनं पंचांना हाक मारली. तेव्हा मला कळलं मी कुठं आहे."

मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत?"

नाही विचारलं.

"आणि सांगितलं असतं तर?" आता तिनं वर बघितलं. "तुम्ही मला नसतंच बोललात. आईला बोलला असतात. जन्मभर. भाजीत मीठ कमी पडलं तरी नाशिक काढलं असतंत."

काढलं असतं. मी स्वतःला ओळखतो.

"त्यापेक्षा मुद्दाम घालवला तर मुद्दाम घालवला," ती म्हणाली. "मला तसंही सोडायचंच होतं."

मी विचारलं, कुंदाला माहीत होतं?

"आल्या आल्या सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं तो कापडी पट बंबात घातला. नंतर मी किती वेळा म्हटलं, आई, चल खेळू, कागदावर आखते मी. नाही म्हणाली. तुम्ही मला मुद्दाम हरली म्हणायचात ना चारचौघांत, तेव्हा ती उठून आत जायची. मी तिला शपथ घातली होती, सांगायचं नाही म्हणून." मग म्हणाली, "तिचं मनच उडालं त्या खेळावरून. परत कुणाशी खेळली नाही."

सात वर्षं दोघींनी तोंडात मूग धरून काढली. एकीनं दुसरीला वाचवलं. आणि वाचवलं कुणापासून — माझ्यापासून. मी काही दारू पिणारा, मारहाण करणारा माणूस नव्हतो. फक्त बरोबर होतो. सारखा बरोबर.

मी तिला म्हटलं, "उमा, चुकलं माझं."

ती म्हणाली, "वाल भिजत घालू का उद्यासाठी?" पण नाक ओढत म्हणाली.

मला वाटलं होतं, आज तरी येईल. नाही आलं. छातीत सुती बोळा घातल्यासारखं आहे. लिहितोय तेही दुसऱ्या कुणाचं वाटतंय.

२४ फेब्रुवारी

उमानं मला देशी नियम शिकवले. प्यादं एक घर. राजाची उडी एकदाच, शह बसण्याआधी. शेवटी प्याद्यानं मात दिली तर सगळ्यात मोठा मान. दोन डाव खेळलो. दोन्ही हरलो! सारखा हात दोन घरांकडं जायचा आणि ती बोटांवर टिचकी मारायची — "बाबा, हरण नाही, प्यादं आहे." तिनं त्या दिवशी आतून भगवंताचं ते हरण तेवढं ऐकलं होतं तर.

तिसऱ्या डावात एके ठिकाणी म्हणाली, "इथं आईनं राजा उडवला असता." मी उडवला. ती हसली. हसताना अगदी कडेची, अर्धी फोटोबाहेर असलेली बाई दिसली मला तिच्यात.

२७ फेब्रुवारी, रविवार

उमा गेली. कल्याणहून गाडी होती. रिक्षा खरवईच्या नाक्यापर्यंत मिळेना, सामान दोघांनी उचलून नेलं. कल्याणला येतो म्हटलं तर नको म्हणाली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "पोस्टानं खेळू. पत्रात एकेक चाल. देशी हं!" म्हटलं, पहिली चाल तुझी.

घरी आलो. वाल गरम करून खाल्ले.

३ मार्च

उमाचं पत्र. पोचली. खोली बरी आहे. खाली एकच ओळ — "वजिरापुढचं प्यादं, एक घर."

म्हणजे आता खिडकीपाशीचा पट तिच्या डावाला लागेल. तसाच उभा राहील, महिनोन् महिने. आधीचा डाव उतरवून सोंगट्या पहिल्यापासून मांडायच्या आहेत. उद्या.

४ मार्च

सकाळी सोंगट्या मांडायच्या आधी पट पुसायला घेतला. कुंदाचंच फडकं. पुसताना फडक्याचं टोक लागलं आणि एक प्यादं आडवं झालं, घरंगळत टेबलाखाली गेलं. दुसरं तिरकं होऊन दोन घरांच्या रेघेवर उभं राहिलं. फडक्यानं असंच होणार.

तिचं प्यादं कधी पडलेलं नसायचं. कधी रेघेवर नसायचं. दर वेळी एकच घर पुढं, आणि घराच्या बरोबर मधोमध.

मी दर वेळी उचलून मागं ठेवलं. मग चपला काढल्या.